आमारोनेची बाटली उघडताय? आधी या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात पुण्यात एका मैत्रिणीकडे जेवायला गेलो होतो, तिच्या दिराने इटलीहून आमारोने नावाची रेड वाइन आणलेली, बाटली दुपारपासून ओट्यावर उभी, बाहेर ३८ डिग्री. रेड वाइन रूम टेम्परेचरलाच प्यायची असते असं कुणीतरी म्हणालं आणि बाटली उघडून लगेच सगळ्यांच्या ग्लासात ओतली. पहिल्या घोटाला नाकात स्पिरिटचा भपकारा, मग जॅम खाल्ल्यासारखं काहीतरी जड, आणि सगळ्यांची तोंडं वाकडी. एवढी महाग आणि हे असं? मी उरलेली अर्धी बाटली काचेच्या जगात ओतून, वर ताटली झाकून फ्रिजमध्ये ठेवली. तासाभराने, जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा परत वाढली. तीच वाइन, पण आता त्यात आंबट चेरी होती, सुकं अंजीर होतं, थोडा तंबाखूसारखा वास आणि शेवटी जिभेवर राहणारा तो कडवटपणा, ज्याच्यावरून तिला नाव पडलंय. मैत्रिणीचा नवरा म्हणाला, "दुसरी बाटली उघडलीस का?"

म्हणून हे लिहितेय. ही वाइन बनवायला लोक इतका जीव लावतात आणि ती बिघडते आपल्या हातात, शेवटच्या दोन तासांत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी ती बनते कशी ते बघू, कारण निम्म्या चुका ते माहीत नसल्यामुळेच होतात. इटलीच्या वेनेतो भागात वेरोना शहराच्या उत्तरेला वालपोलिचेल्लाच्या टेकड्या आहेत, पश्चिमेला गार्दा तलाव. तिथली मुख्य द्राक्षं म्हणजे कोरविना, कोरविनोने आणि रोंदिनेल्ला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हाताने घड तोडतात, तेही विरळ मण्यांचे, कारण गच्च घडात आत हवा शिरत नाही आणि तिथेच बुरशी धरते. मग हे घड बांबूच्या ताट्यांवर (आरेले म्हणतात त्यांना) किंवा उथळ क्रेटमध्ये एकेरी थरात पसरतात, माळ्यासारख्या हवेशीर खोल्यांमध्ये, आणि तिथे ते साधारण १०० ते १२० दिवस पडून असतात. वजन ३० ते ४० टक्के घटतं. हिवाळ्यात, थंडगार तळघरात ते गाळप होऊन हळूहळू आंबतं आणि जवळजवळ सगळी साखर अल्कोहोल होते. नियम असा की १०० किलो ताज्या द्राक्षांतून जास्तीत जास्त ४० लिटर वाइन काढता येते, साध्या वालपोलिचेल्लाला ७० चालते. किंमत का जास्त ते इथेच कळतं.

माझे मामा तासगावकडचे, बेदाणे करणारे. मी त्यांना या माळ्यांचा व्हिडिओ दाखवला तर त्यांनी फोन जवळ घेऊन एक क्रेट नीट बघितला, एक बाई वाकून एकेक घड उलटा करून कुजका मणी चिमटीने काढत होती तो, आणि म्हणाले, "आरं, ह्ये डिपिंग करत न्हाईत व्हय? मग तीन म्हैने लागणारच की." बरोबर ओळखलं त्यांनी. आपल्याकडे बेदाण्याला डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, सालीवरचा मेणाचा थर फुटतो आणि शेडमध्ये दोन-तीन आठवड्यांत माल वाळतो. वेरोनाला हे काहीच नाही. द्राक्ष तोडल्यावरही ते जिवंत असतं, श्वास घेत असतं, त्यातलं आम्ल हळूहळू कमी होतं, वास बदलत जातात. बेदाण्याला पाणी घालवायचं असतं, आमारोनेला तो वेळ हवा असतो.

याच्यावरूनच एक चूक आठवली, ती आधी सांगून टाकते. बरेच जण विचारतात की बेदाणे, साखर आणि यीस्ट घालून घरी आमारोने होईल का. नाही होणार. बेदाण्यात पाणी जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपास उरतं, रस काढायला वरून पाणी घालावंच लागतं, शिवाय रंग टिकवायला गंधकाची धुरी दिलेली असते, आणि मुळात कोरविनाची साल आणि आंबटपणा त्यात येणार कुठून. आमारोनेत बाहेरून पाणी घालत नाहीत, द्राक्षाचंच असतं तेवढंच.

सुकी द्राक्षं म्हणजे गोड वाइन, ही सगळ्यात मोठी गैरसमजूत

गोड वाइनही तिथे आहे, तिचं नाव रेचोतो. त्यांच्या बोलीत कानाला रेचिया म्हणतात, घडाच्या वरचे दोन खांद्यासारखे भाग, जिथे ऊन जास्त लागतं, त्यावरून ते नाव. खरं तर रेचोतोच जुनी. सहाव्या शतकात कासिओदोरस नावाच्या बड्या अधिकाऱ्याने राजदरबारासाठी सुकवलेल्या द्राक्षांची वेरोनाची वाइन मागवताना तिचं वर्णन लिहून ठेवलंय. आमारोने त्यातूनच निघाली. सांगतात की १९३६ मध्ये नेग्रारच्या सहकारी वाइनरीत रेचोतोचं एक पिंप विसरून राहिलं, ते आंबतच गेलं, साखर संपली, आणि तिथल्या आदेलिनो लुक्केसे नावाच्या माणसाने चाखून म्हटलं की हे आमारो नाही, आमारोने आहे. आमारो म्हणजे कडू आणि आमारोने म्हणजे चांगलंच कडू. नावातच कडू आहे तर गोड कुठून लागणार. फळ इतकं पिकलेलं लागतं की जिभेला गोडीचा भास होतो, तो वेगळा.

दुकानात चूक होते ती इथेच. लेबलवर रेचोतो असेल तर ती डेझर्टबरोबरची, बऱ्याचदा छोट्या ५०० मिलीच्या बाटलीत येते. रिपास्सो असेल तर ती तिसरीच. आमारोने काढून घेतल्यावर जो चोथा उरतो त्यात थोडी साखर आणि यीस्ट शिल्लक असतं, त्यावर साधी वालपोलिचेल्ला ओतून परत काही दिवस आंबवतात, ती रिपास्सो. १९६४ मध्ये मासी या घराण्याने कांपोफियोरिन नावाची वाइन काढली तेव्हापासून ही पद्धत परत चालीत आली. मला रिपास्सो मनापासून आवडते, रोजच्या जेवणाला ती जास्त बरी पडते, फक्त कुणी "स्वस्तातली आमारोने" म्हणून विकत असेल तर ऐकू नका.

आणि सगळ्यात जास्त फसतात ते आपास्सिमेंतो या शब्दाला. त्याचा अर्थ नुसता सुकवणं, त्यामुळे दक्षिणेकडच्या पुल्यामधल्या, वेगळ्याच द्राक्षांच्या बाटलीवरही तो मोठ्या अक्षरात असतो. वाईट नसतात त्या, पण आमारोने नाहीत. खरी असेल तर लेबलवर पूर्ण नाव असतं, आमारोने देल्ला वालपोलिचेल्ला, आणि २०१० पासून तिला इटलीचा सगळ्यात वरचा डीओसीजी दर्जा आहे त्यामुळे मानेवर नंबर छापलेली सरकारी कागदी पट्टी असते. ती पट्टी बघा. क्लासिको लिहिलं असेल तर नेग्रार, मरानो, फुमाने, सान पिएत्रो इन कारियानो आणि सांत आंब्रोजो या पाच जुन्या गावांच्या भागातली, रिझेर्वा असेल तर किमान चार वर्षं मुरवलेली, नुसती असेल तर किमान दोन. पहिल्यांदाच घेताय तर क्विंतारेल्ली किंवा दाल फोर्नो या नावाजलेल्या, महागड्या घराण्यांच्या मागे लागू नका, त्या किमतीत साध्या चांगल्या घरच्या कितीतरी बाटल्या येतील आणि चवीची ओळख त्यांनीच होईल.

विमानातून आणणार असाल तर ड्यूटी फ्री मर्यादा दोन लिटरची, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी नाही. चेक-इन बॅगेत, मधोमध, कपड्यांत गुंडाळून. घरी आल्यावर दोन-चार आठवडे तरी हात लावू नका, प्रवासानंतर वाइन थोडी मिटल्यासारखी लागते, निदान मला तसा अनुभव आहे.

उष्णता

यावर मी जरा जास्त बोलणार. वाइनच्या बाबतीत रूम टेम्परेचर हा शब्द युरोपातल्या जुन्या दगडी घरांचा आहे, आपल्या एप्रिलचा नाही. आमारोनेला १६ ते १८ डिग्री हवी. अल्कोहोल १४ च्या खाली नसतंच, बहुतेक बाटल्या १५ ते १६ वर असतात, आणि गरम झाली की तेच आधी वर येतं, बाकी सगळे वास त्याच्याखाली दबतात. उन्हाळ्यात बाटली साधारण दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, घाई असेल तर बर्फ आणि पाणी अर्धं अर्धं घेऊन त्यात पंधरा मिनिटं (नुसत्या बर्फात नको, पाणी असलं की लवकर गार होते). जास्त गार झाली तर काही बिघडत नाही, ग्लासात चढेलच. जास्त गरम मात्र चालत नाही.

ठेवायची चूक याहून वाईट. फ्रिजच्या वर, गॅसच्या शेजारच्या कपाटात, शोकेसमध्ये दिव्याखाली, हे सगळं बाद. मी एकदा एका दुकानातून रस्त्याकडच्या काचेजवळ ठेवलेली बाटली घेतली, घरी येऊन बघते तर बूच किंचित वर आलेलं आणि कॅप्सूलखाली (बुचावरच्या आवरणाखाली) चिकट डाग. वाइन उकळलेल्या मनुकांसारखी लागली, दुसरं काही नाही. तेव्हापासून मी कॅप्सूल बोटाने फिरवून बघते, फिरली तर निदान गळून चिकटलेली नाही एवढं कळतं, आणि बूच वर आलेलं दिसलं तर घेत नाही. घरी वाइन फ्रिज नसेल तर जास्त दिवस ठेवूच नका. दहा-पंधरा वर्षं मुरवायचं स्वप्न १२ ते १५ डिग्रीच्या तळघरात बघायचं असतं, टॉप फ्लोअरच्या फ्लॅटमध्ये सहा महिन्यांत पिऊन टाकलेलं बरं.

उघडल्यावर काहीतरी गडबड वाटली तर

उघडल्यावर लगेच ग्लासात ओतू नका, पुण्याच्या त्या जेवणात काय झालं ते सांगितलंच. तरुण बाटली असेल तर रुंद जगात ओतून दोन तास, वीसेक वर्षांची असेल तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाला बसतो, आणि हलक्या हाताने ओता. ग्लासात काळसर कण किंवा बुचाला जांभळे खडे दिसले तर घाबरायचं कारण नाही, तो गाळ आणि टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, काच नाही. किंचित नेलपॉलिशसारखा वास पहिल्या मिनिटाला येतो कधीकधी, या वाइनमध्ये तो थोडा असतोच, हवा लागली की जातो. पण ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास आला तर बूच खराब, तो कितीही वेळ ठेवला तरी जात नाही उलट वाढतो, तेव्हा बाटली परत करा.

किती प्यायची, हेही बोलायला हवं. १६ टक्क्यांच्या ७५० मिलीच्या बाटलीत १२० मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचे ६० मिलीचे साडेचारहून जास्त पेग. चव मऊ असल्यामुळे ते कळत नाही. त्यामुळे दोघांत एक बाटली नको, पाच-सहा जणांत काढा, छोटे घोट, मोठा ग्लास, आणि ज्याला गाडी चालवायचीय त्याच्यासाठी आधीच बाजूला ठेवा, उद्या पिईल तो.

जेवणाचं म्हणाल तर तांबडा रस्सा, मिसळ, सुकं मटण यांच्याबरोबर ही उघडू नका, मिरची आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात. मासे नकोतच. पांढरा रस्सा, मिरं घालून मंद आचेवर शिजवलेलं मटण, मुरलेलं पार्मेसान, हे जमतं. वेरोनात मांस याच वाइनमध्ये तासन्‌तास शिजवतात, आणि रिसोत्तो करतात, तिथल्या व्हियालोने नानो तांदळाचा.

उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, तिसऱ्या दिवशी मला तर कधीकधी जास्त आवडते. शेवटचा ग्लासभर राहिला की मी रिसोत्तो करते, इंद्रायणी घेऊन, न धुता, कारण वरचं पीठ हवं असतं. कांदा बटरवर, मग तांदूळ, मग सगळी वाइन एकदम ओतून आटू द्यायची, नंतर गरम स्टॉक थोडा थोडा घालत राहायचा. तांदूळ जांभळा होतो, घरातली मुलं आधी बघून नाक मुरडतात, वरून चीज किसलं की खातात.