आमदारांना भेटायला जाण्याआधी: माजी सैनिकांच्या घरची तयारी

आमदार माजी सैनिकांची कामं ऐकायला बसणार आहेत असा निरोप आला, की लगेच पिशवी भरायला घेऊ नका. आधी कोऱ्या कागदावर आपलं काम एका ओळीत लिहा. 'पेन्शनचं तेवढं बघा साहेब' एवढ्याने भागत नाही. 'वडिलांना मार्चमध्ये ८० पूर्ण झाली, पेन्शनचे वाढीव २० टक्के अजून लागू नाहीत' असं लिहा. तारीख, रक्कम आणि काम कुठल्या टेबलावर अडलंय हे अर्जात असेल, तर आमदारांचा माणूस तिथूनच फोन लावू शकतो. मोघम गाऱ्हाण्याला 'बघतो' एवढंच उत्तर मिळतं, आणि त्यात समोरच्याचाही फार दोष नसतो.

मग ते काम कुणाच्या हातातलं आहे ते ठरवा. सोलापूर जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ आहेत. कितीतरी माजी सैनिकांचं घर शहरात, शेती मोहोळला किंवा अक्कलकोटला, आणि मतदार यादीत नाव तिसरीकडेच. घरपट्टी, सातबारा, रस्ता, पाणी, सरकारी जमिनीचा अर्ज ही राज्याची कामं. ती जिथली असतील तिथल्या आमदारांकडे न्यावीत. लष्करी पेन्शन, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, वन रँक वन पेन्शन म्हणजे सारख्या हुद्द्याला आणि सारख्या सेवेला सारखी पेन्शन, हे केंद्राचं. पेन्शनचा हिशेब प्रयागराजच्या रक्षा लेखा कार्यालयातून 'स्पर्श' या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर चालतो. तिथे आमदारांच्या पत्राने रक्कम बदलत नाही. पण आमदार जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला नक्की विचारू शकतात, की या वीरपत्नीचे कागद पुढे का गेले नाहीत. खासदारांनाही सोबत पत्र देऊ शकतात. म्हणून केंद्राचं आणि राज्याचं काम एकाच अर्जात घालू नका. दोन कामं, दोन अर्ज, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती.

आता कागद. डिस्चार्ज बुक (लष्करातून सुटताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि स्पर्शचा नंबर एवढं प्रत्येकाने न्यावंच. मूळ कागद दाखवायला, झेरॉक्स द्यायला. डिस्चार्ज बुक कुणाच्याही हातात सोडून येऊ नका. पानं सुटली असतील तर ओढूनताणून लॅमिनेशनही करू नका. प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि प्रत्येक पानाचा मोबाईलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा.

घरी बसून शांतपणे एक काम करा. हे सगळे कागद शेजारी शेजारी मांडा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. सोलापुरात हे जास्तच जपून करावं लागतं. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट भागातली कानडी नावं आणि शहरातली तेलुगू आडनावं भरतीच्या वेळी कारकुनाने कानाला ऐकू आली तशी इंग्रजीत लिहिली, शाळेत वेगळी लागली, आधारवर तिसरीच आली. बायकांच्या बाबतीत तर आणखी गुंता. लग्नानंतर सासरी नाव बदललेलं, पलटणीच्या नोंदीत एक, रेशनकार्डावर दुसरं. जन्मतारीख म्हणून कुठे नुसतं साल, तर कुठे '१ जून'. नवरा आहे तोवर हे कुणाच्या लक्षात येत नाही. तो गेला की त्याच महिन्यात त्या बाईला सिद्ध करावं लागतं की मीच त्यांची बायको. दुःखाच्या दिवसांत तिला या खिडकीवरून त्या खिडकीवर जावं लागतं, हे मला सहन होत नाही. ज्या काकांची पेन्शन आज सुरळीत चालू आहे, त्यांनीही हे वाचून कपाट उघडावं, ते याचसाठी.

फरक सापडला तर तो दुरुस्त करण्याचा अधिकार मुळात रेकॉर्ड ऑफिसचा, म्हणजे पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, तोफखान्याचं नाशिकरोडला. प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला किंवा जन्माचा पुरावा, आधार आणि पती-पत्नीचा एकत्र फोटो जोडून अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवावा. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या नोंदीतला बदल नोंदवणारा लष्करी आदेश, निघून पत्नीचं नाव बरोबर लागलं की ती ऑर्डर पीपीओला टाचून ठेवा. आमदारांकडे जाताना, हा अर्ज कधी पाठवला त्याची पोच असेल तर तीच पहिलं पान करा.

जन्मतारीख का तपासायची, तर ८० व्या वर्षी मूळ पेन्शनवर २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के वाढ मिळते. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या आजींनाही ती आहे. नोंदीत वयच नसेल तर वाढ आपोआप लागणार कशी? हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये, ८० च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. त्याची शेवटची पावतीही पिशवीत असू द्या.

घरपट्टीचं काम आमदारांच्या खऱ्या आवाक्यातलं. बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक व शहीद सैनिक पत्नी सन्मान योजनेत एका घराची मालमत्ता कराची माफी आहे, शहरात महापालिकेकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे. २०२० पासून योजना आहे, तरी काही गावांत ग्रामसेवक 'आमच्याकडे आदेश आला नाही' म्हणतात. अशा वेळी सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला, चालू वर्षाचं बिल, घराचा उतारा आणि ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जाची पोच एवढं घेऊन जा. तोंडी नकार मिळाला असेल तर आधी लेखी अर्ज द्या, मग आमदारांकडे चला. गावात पाच-सहा घरं असतील तर सगळ्यांची एकच यादी करा. गटविकास अधिकाऱ्यांना एकदा सूचना गेली की सगळ्यांचं काम होतं.

गावात शहीद स्मारक किंवा माजी सैनिकांसाठी सभागृह मागायचं असेल तर नुसतं निवेदन पुरत नाही. आमदार निधी वर्षाला ५ कोटींचा असतो, त्यातून वैयक्तिक लाभ देता येत नाही, आणि मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. जागा सार्वजनिक हवी. तेव्हा जागेचा उतारा, ग्रामसभेचा ठराव, ग्रामपंचायतीची ना-हरकत सोबत न्या. देखभाल कोण करणार तेही ठरावात लिहा. कुलूप लागलेली सभागृहं आपण पाहिलीत, त्यात अजून एक नको.

जाण्याचा दिवस. ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत, बायकांना अर्धं तिकीट, पण आधार जवळ लागतं. एप्रिल-मे असेल तर सोलापूरचं ऊन माहीत आहेच, सकाळच्या पहिल्या गाडीने निघा, पाणी, गोळ्या आणि भाकरी-चटणी बरोबर घ्या. १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये त्याच दिवशी निवृत्त झाले. आपल्याकडे नेमकी तेव्हाच सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, होम मैदानाच्या आसपास वाहतूक वळवलेली. संघटनेच्या लोकांनी आमदारांना आधीच सांगून भेटीची जागा गर्दीबाहेर ठरवून घ्यावी. ८५ वर्षांच्या सुभेदारांना नंदीध्वजांच्या गर्दीतून रेटत नेणं बरोबर नाही.

समोर बसल्यावर सत्कार, फोटो होऊ द्या, पण आपला कागद आधी द्या. आमदारांचं पत्र कुणाच्या नावाने निघणार ते विचारा. पत्राचा जावक क्रमांक लिहून घ्या. ते ज्या कार्यालयात जाईल तिथला आवक क्रमांक पुढच्या आठवड्यात स्वतः जाऊन घ्या. कोणी काम करून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, आणि तिथेच मोठ्याने सांगा. महिनाभरात हालचाल नसेल तर लोकशाही दिन आहे, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी. तिथे आमदारांच्या पत्राची प्रत जोडा.

अडचण साऱ्या जिल्ह्याची असेल, म्हणजे घरपट्टी माफी बऱ्याच गावांत मिळत नाही असं दिसलं, तर आमदारांकडून विधानसभेत प्रश्न मागा. त्यासाठी त्यांना गाववार यादी, अर्जांच्या तारखा आणि नकाराच्या प्रती लागतील, आणि त्या नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या बऱ्याच आधी पोचायला हव्यात. अंथरुणाला खिळलेल्या जवानांची आणि एकट्या राहणाऱ्या वीरपत्नींची नावं त्या यादीत सगळ्यात वर घाला. त्यांचे अर्ज शेजारच्याने घरी जाऊन सहीने किंवा अंगठ्याने पूर्ण करून आणावेत.