लिनिअर पार्कचा थीसिस घेताय? आधी सेक्शन काढा

पुण्यात आर्किटेक्चर किंवा लँडस्केप शिकणाऱ्यांना मुठाकाठचा लिनिअर पार्क, म्हणजे नदीलगतची लांबट, अरुंद बाग, हा विषय हमखास मोहात पाडतो. साइट घरापासून बसच्या अंतरावर, उजव्या तीरावर कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठा, डाव्या तीरावर डेक्कन, एरंडवणे आणि पुढे कर्वेनगर. जुनं शहर, नवं शहर, मधे नदी. मग पहिल्याच आठवड्यात बेस मॅपवर नदीलगत एक हिरवी पट्टी ओढली जाते आणि पुढचे चार महिने ती पट्टी सजवण्यात जातात.

गडबड इथेच होते. काठाने चालून पेठ आणि डेक्कन जोडले जात नाहीत, ते नदी ओलांडून जोडले जातात. नारायण पेठेतून डेक्कनच्या मेट्रो स्टेशनकडे निघालेल्याला आडवं जायचं असतं, आणि तुमची पट्टी उभी आहे. म्हणून पार्कची लांबी किती, यापेक्षा त्यात शिरायच्या आणि तो ओलांडायच्या जागा किती व कुठे, हे आधी ठरवा. प्लॅनच्या आधी नदीचे आडवे छेद काढा. लकडी पूल, झेड ब्रिज, भिडे पूल, ओंकारेश्वर, नवा पूल अशा पाच ठिकाणी १:१०० मापाचे सेक्शन हातात आले की निम्मा प्रश्न कागदावर दिसतो.

केस स्टडीत व्हॅलेन्सियाचा तुरिया घ्याच, पण नीट वाचून घ्या. १४ ऑक्टोबर १९५७च्या महापुरानंतर स्पेनमधल्या या शहराने तुरिया नदी शहराच्या दक्षिणेकडून वळवली. रिकाम्या पात्रात रस्ते करायचा बेत होता, तो नागरिकांच्या विरोधाने मागे पडला आणि १९८६पासून तिथे टप्प्याटप्प्याने बाग खुली होत गेली. आज ती साधारण नऊ किलोमीटर लांब आहे, जुन्या गावाला वळसा घालून नव्या सायन्स सिटीपर्यंत जाते आणि डोक्यावरून पूल जातात. बाग रस्त्याच्या पातळीखाली असल्याने वाहनांचा चौक एकही लागत नाही. इथपर्यंत सगळे लिहितात. लिहायचं राहतं ते हे, की त्या पात्रात आता नदी नाही. आपल्याकडे आहे, आणि खडकवासल्यातून विसर्ग सोडला की भिडे पूल पाण्याखाली जातो. तुरियातली हिरवळ, कारंजी, खेळाची मैदानं उचलून मुठेच्या पात्रात ठेवली तर पहिल्या जुलैतच गाळात जातील. सोलचा चोंगगेचॉनही तसाच फसवा आहे. २००५मध्ये खुल्या झालेल्या ५.८ किलोमीटरच्या त्या प्रवाहातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणलेलं असतं.

पूररेषांपासून सुरुवात करा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पुण्यात मुठेसाठी हे आकडे ६० हजार आणि १ लाख क्युसेक धरतात. नकाशे जलसंपदा विभागाचे, विकास आराखडा महापालिकेचा, मिळकतींच्या हद्दी सिटी सर्व्हेच्या. तिन्ही एकावर एक ठेवल्यावर ते जुळत नाहीत, हे गृहीत धरूनच कामाला लागा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये पुलांचे कोपरे पक्के बिंदू धरून जुळवून घ्या. निळ्या रेषेच्या आत पाण्याला अडवेल असं काहीही नको. इथे विद्यार्थ्यांच्या ड्रॉइंगमध्ये सर्वांत घातक वस्तू असते ती साधी स्टीलची रेलिंग. पुरात वाहून आलेली जलपर्णी, प्लॅस्टिक, फांद्या उभ्या गजांत अडकतात, रेलिंगचा बांध होतो आणि शेवटी ती पायासकट उपटून निघते. आडवी पाडता येणारी किंवा काढून ठेवता येणारी रेलिंग दाखवा, आणि ती कोण, केव्हा काढणार तेही लिहा. दिव्यांचे पॅनेल लाल रेषेच्या वर, बाकं भरीव दगडाची आणि पायात बसवलेली.

आता उतार. काठावरचा रस्ता आणि खालची वाट यांत समजा ४ मीटरचा फरक आहे. १:१२ उताराचा रॅम्प म्हणजे ४८ मीटर. दर ९ मीटरला दीड मीटरचा सपाट टप्पा हवा, म्हणजे सहा तुकडे आणि मधे पाच टप्पे: एकूण साडेपंचावन्न मीटर. १:२०ने गेलात तर नुसता उतारच ८० मीटर. पेठेच्या बाजूला इतकी सलग जागा क्वचित मिळते, म्हणून रॅम्प दुमडावा लागतो, आणि दुमडला की १.८ मीटर रुंदीच्या दोन-तीन पट्ट्या शेजारी शेजारी बसवायच्या असतात. हे गणित न करता प्लॅनवर बाण काढून ‘रॅम्प’ लिहिणं जुरीत, म्हणजे परीक्षकांपुढे, लगेच पकडलं जातं. जिना १५० मिलिमीटरच्या २७ पायऱ्यांचा होईल. बारा-बारा पायऱ्यांनी टप्पा द्या. जुने घाट जिथे शाबूत आहेत तिथे नवा जिना कशाला? घाटाच्या पायऱ्या उंच-सखल असतात, त्यांना धक्का न लावता शेजारी कठडा आणि रॅम्प देणं पुरतं.

मोजणी साधी ठेवा. प्रत्येक पुलाच्या दोन्ही तोंडांशी पंधरा-पंधरा मिनिटं चालणारे मोजा: सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ६ ते ८, एक कामाचा दिवस आणि एक रविवार. वयस्कर माणसं, सामान घेतलेले आणि मुलांचा हात धरलेले वेगळे लिहा. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, पण ज्येष्ठांसाठी ०.९ धरा. १२ मीटरचा रस्ता ओलांडायला त्यांना तेरा-चौदा सेकंद लागतात. सिग्नल तेवढे देतो का, ते घड्याळ लावून बघा. अनंत चतुर्दशीचा दिवस वेगळा काढा. त्या दिवशी लकडी पुलाकडची गर्दी तुमच्या सगळ्या रुंद्या खोट्या ठरवते, आणि फक्त त्या दिवसासाठी पार्क रुंद करणंही चूक. ती गर्दी कुठे पसरेल एवढं दाखवलं तरी पुरे.

चालायची मोकळी रुंदी कुठेही १.८ मीटरखाली नको, माथ्यावर २.२ मीटर मोकळं हवं. मुख्य वाटेला ३ मीटर. सायकल हवीच असेल तर दोन्ही दिशांसाठी वेगळे २.५ मीटर, आणि जागा नसेल तर सायकल सरळ वगळा. रंगाच्या पट्ट्याने दोघांना वेगळं केल्याचं समाधान फक्त रेंडरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या चित्रात, मिळतं.

प्रवेशाचा बोलार्ड, म्हणजे वाहनं अडवणारा खुंट, ही खरी डोकेदुखी. व्हीलचेअरला किमान ९०० मिलिमीटर सोडावे लागतात आणि स्कूटरचं हँडल त्याहून अरुंद असतं. म्हणजे व्हीलचेअर जाईल तिथून ॲक्टिव्हाही जाणार. पर्याय दोन: वळण घ्यायला लावणारे एकाआड एक अडथळे, ज्यात व्हीलचेअर वळायला दीड मीटर मोकळा चौरस ठेवलेला असेल, नाहीतर प्रवेशाशीच चहाची टपरी, फुलवाला, पाळीचा सुरक्षारक्षक असं काहीतरी, जिथे कुणाची तरी नजर असते. दुसरा पर्याय ड्रॉइंगमध्ये कमी भाव खातो, प्रत्यक्षात जास्त चालतो.

काठाने मैलापाण्याच्या मोठ्या वाहिन्या जातात, हे साइटवर मॅनहोलची झाकणं मोजल्याशिवाय लक्षात येत नाही. त्यांवर झाडांच्या कुंड्या नकोत. सक्शन गाडी जायला ३.५ मीटर वाट, आणि तिथे ६०ऐवजी ८० मिलिमीटर जाडीचे पेव्हर, खाली कुटलेला थर जास्त जाड. एरवी ६०चे चालतात. गाडी जाणाऱ्या वाटेवर ६०चे टाकले की ब्लॉक खचतात, खाचेत पाणी साठतं आणि लोक वाट सोडून गवतातून चालू लागतात. आडवा उतार १:५०. गुळगुळीत कोटा दगड पावसात घसरतो. खरबरीत तोंडाचा मागवा.

झाडांत पात्राजवळ वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. वर रस्त्यालगत कडुनिंब, बहावा, ताम्हण. खड्डा १ मीटर घन, अंतर ७ ते ८ मीटर. गुलमोहराच्या फांद्या वादळात पटकन तुटतात, वाटेवर नकोच. असलेली झाडं सर्व्हेत बुंध्याच्या घेरासकट नोंदवा. तोडायची म्हटली तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि जुरीत कुणीतरी नेमकं तेच विचारतं.

शीट लावताना सेक्शन वर, प्लॅन खाली. प्रत्येक सेक्शनवर तीन पातळ्या काढा: उन्हाळ्यातलं पाणी, निळी रेषा, लाल रेषा. नोकरीला लागल्यावर पहिलं वर्ष असंही लेव्हल शीट (जमिनीच्या पातळ्यांची नोंद), बीओक्यू (कामांची मापांसह यादी) आणि डीएसआरच्या (सरकारी दरसूचीच्या) दरांतच जातं. पोर्टफोलिओत एक तरी पान असं ठेवा, ज्यात रॅम्पच्या एका तुकड्याचं मोजमाप, फरशीचे थर आणि पाणी कुठे जातं ते दिसेल. मुलाखत घेणारे रेंडर चाळून त्या पानाशी थांबतात.