शिगम्याचा ढोल ऐकताना कान कसे सांभाळावेत

गोव्यातल्या शिगमोत्सवाची, म्हणजे शिमग्याची, मिरवणूक पाहून घरी परतल्यावर कानांना दडे बसलेले असतात आणि निजताना बारीक शीळ ऐकू येत राहते. सकाळपर्यंत ती बहुधा जाते, म्हणून आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो. परंतु ती शीळ म्हणजे आंतरकर्णातील रोमपेशींवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशींवर, ताण आल्याची खूण असते. प्रत्येक कानात या पेशी साधारण 15 हजारच असतात आणि एकदा मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा तयार होत नाही.

सर्वसाधारणपणे 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास सोसता येतो असे मानले जाते, आणि पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला ती अवघ्या 15 मिनिटांवर येते. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर 85 ची मर्यादा ओलांडली गेली आहे असे समजावे.

पहिला उपाय जागेचा. उघड्या मैदानावर ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. ढोल-ताशांच्या तालावर नाचणारा रोमटामेळ पुढे सरकून जातो, पण चित्ररथ थांबला की त्यावरचे ध्वनिक्षेपक आपल्यासमोरच थांबतात. अशा वेळी आपणच बाजूला व्हावे. सभागृहात ध्वनिसंयोजकाच्या टेबलाजवळ बसावे, कारण त्याने आवाजाचा मेळ तिथूनच साधलेला असतो.

चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने होणारी घुमट आरती मात्र घरातल्या छोट्याशा चौकीत, अगदी अंगाजवळ होते. गेल्या चवथीला मी भाचीला मांडीवर घेऊन कासाळ्यांच्या, म्हणजे धातूच्या झांजांच्या, शेजारी बसलो होतो; दुसऱ्याच आरतीला तिने दोन्ही तळवे कानांवर दाबले आणि माझी चूक मला उमगली. घुमटाचा घुमारा ओसरीवरही पोहोचतो, कासाळ्यांचा तीक्ष्ण ठणठणाट मात्र जवळच्या कानावरच आदळतो. लहान मुलांसाठी कान पूर्ण झाकणारे इअरमफ घ्यावेत. कापसाचा बोळा जवळपास निरुपयोगी आहे.

मोठ्यांनी इअरप्लग वापरावेत. फोमचे प्लग वरच्या पट्टीतील स्वर जास्त दाबतात, त्यामुळे गाणे कोंदट वाटते. फिल्टर असलेले, खास संगीतासाठी बनवलेले प्लग सगळे स्वर जवळपास सारखेच उतरवतात, आणि नेहमी मैफलींना जाणाऱ्याने हाच खर्च करावा असे माझे ठाम मत आहे. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. बोट लगेच काढले, तर तो बाहेर सरकतो आणि त्याचा फारसा उपयोग होत नाही.

कार्यक्रमात अधूनमधून दहा-पंधरा मिनिटे बाहेर शांत जागी जावे. शीळ दुसऱ्या दिवशीही टिकली, तर कान-नाक-घसातज्ज्ञाला दाखवावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी जावे आणि तोवर कानात कोमट तेल घालू नये.