जुन्या फोर-बाय-फोरचे जॉइंट, ट्रान्सफर केस आणि क्राऊन-पिनियन घरी उतरवून बसवताना

जुनी फोर-बाय-फोर आवाज करू लागली की पाने घेऊन खाली शिरायची घाई होते. पण घरी केलेलं हे काम फसतं ते बहुतेक वेळा खराब सुट्या भागांमुळे नव्हे, तर उघडण्याआधी काहीच मोजून ठेवलं नाही म्हणून. शिमची (जागा जुळवायला मध्ये घालतात त्या पातळ चकत्यांची) जाडी, बेअरिंगच्या कॅपवरच्या खुणा, दातांवर पडलेली झीज हीच त्या अ‍ॅक्सलची कुंडली असते. सगळे भाग एकाच ट्रेमध्ये रॉकेलात पडले की ती पुसली जाते.

इथे गृहीत धरलेली गाडी म्हणजे पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल, पार्ट-टाइम ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी, पुढची चाकं हवी तेव्हाच जोडणारी) आणि तो जोर चाकांकडे नेणारे दोन प्रोपेलर शाफ्ट असलेली. जुन्या विलीज, सीजे जीप किंवा सिरीज लँड रोव्हरच्या घडणीची. मापं अशा अ‍ॅक्सलना साधारणपणे लागू पडणारी आहेत. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा.

उघडण्याआधी

गाडी चालवून आवाज ओळखा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर घूं करणारा आणि सोडल्यावर बदलणारा किंवा बंद होणारा आवाज क्राऊन-पिनियनच्या (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) दातांचा. पाय कुठेही असला तरी वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बेअरिंगची. ती वळणावर कमी-जास्त झाली तर आधी चाकाचं बेअरिंग बघा. फक्त वळतानाच कटकट होत असेल तर डिफरन्शियलमधले स्टार गिअर किंवा पुढच्या अ‍ॅक्सलचा जॉइंट. गाडी निघताना एकदाच ‘ठक्’ होत असेल तर क्रॉस (शाफ्टच्या जॉइंटमधला अधिकच्या आकाराचा भाग), स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांब खाचा) किंवा सगळीकडचा थोडाथोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, मिळून झालेला मोठा प्ले.

तेल गरम असताना काढा आणि बोटांवर चोळून बघा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा असणं नेहमीचं. चमकणाऱ्या पापड्या म्हणजे बेअरिंग किंवा दातांचा वरचा कडक थर सुटतोय. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, आणि त्याचं कारण बहुधा तुंबलेला ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचं छोटं तोंड) असतो. गरम अ‍ॅक्सल ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते, ब्रीदरमधून हवा मिळाली नाही तर सीलच्या कडेनं पाणी ओढलं जातं. उलट तापल्यावर हीच हवा सीलमधून तेल बाहेर ढकलते. दर महिन्याला सील बदलणाऱ्यांनी आधी ब्रीदर साफ करावा.

आता जिवावर बेतणारी गोष्ट. यातल्या बऱ्याच गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो. मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडला की तो ब्रेक आणि गिअर दोन्ही निरुपयोगी होतात. मागचं एकच चाक उचललं तरी डिफरन्शियलमुळे गाडी घरंगळू शकते. म्हणून सपाट जमीन, चारही चाकांना दोन्ही बाजूंनी ओट आणि चेसिसखाली भक्कम घोड्या लावल्याशिवाय शाफ्टच्या बोल्टला हात लावू नका. जुन्या ब्रेक-शूजच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती हवेनं उडवायची नाही. ओल्या फडक्यानं पुसायची.

प्रोपेलर शाफ्ट

शाफ्ट सोडण्याआधी फ्लँज (बोल्टची चकती), योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा भाग) आणि स्लिप जॉइंटच्या (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा जोड) दोन्ही भागांवर पंचानं खूण करा. रंगाची खूण धुताना जाते. स्लिप जॉइंट एक-दोन दाते सरकून बसला तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरते.

जुना क्रॉस काढायला दोन सॉकेट आणि वाइस पुरतात: एका बाजूला क्रॉसच्या टोकावरच्या कपपेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल असं मोठं. नवीन कपातल्या सुया घट्ट ग्रीसनं भिंतीला चिकटवून ठेवा आणि कप दाबताना क्रॉसचं टोक कपात अर्धवट शिरलेलं असू द्या. सर्क्लिप खाचेत बसायला थोडक्यात अडत असेल तर ठोकू नका. जवळजवळ नेहमी एक सुई पडून कपाच्या तळाशी आडवी झालेली असते. बसल्यावर जॉइंट एका दिशेनं ताठ वाटला तर योकच्या कानावर पितळी हातोडीचा हलका ठोका द्या, कप सर्क्लिपपर्यंत मागे सरकतो. ग्रीस चारही सीलमधून बाहेर येईपर्यंत भरा. तीनमधूनच आलं तर चौथा कप कोरडा आहे, आणि पुढे नेमका तोच जातो.

स्लिप स्प्लाइनमध्ये हातानं जाणवण्याइतका आडवा प्ले असेल तर क्रॉस बदलून थरथर जाणार नाही. स्प्रिंगखाली ठोकळे घालून गाडी उंच केली असेल तर कोनही मोजा: साध्या दोन-जॉइंट शाफ्टमध्ये ट्रान्सफर केसचा आणि पिनियनचा कोन एकमेकांच्या एक अंशाच्या आत हवा.

ट्रान्सफर केस

इथे झीज एका ठरलेल्या जागी होते: इंटरमिजिएट शाफ्ट, त्याचे सुई-बेअरिंग आणि थ्रस्ट वॉशर. शाफ्टवर नखाला लागणारा ओरखडा असेल तर शाफ्ट आणि बेअरिंग दोन्ही बदला; जुन्या शाफ्टवर नवीन सुया फार टिकत नाहीत. शाफ्ट ज्या भोकात बसतो ते केसमधलं भोकही तपासा. तिथे शाफ्ट हलत असेल तर कितीही सीलंट लावा, तेल गळणारच. त्यावर लेथवाल्याकडून बुश बसवून घेणं हाच इलाज. हे काम घरी ड्रिल मशीननं करू नये.

शिफ्ट रेल ओढताना केसच्या भोकावर बोट ठेवा. रेलच्या खाचेतली गोळी स्प्रिंगच्या जोरानं उडते आणि मग अर्धा दिवस ती शोधण्यात जातो. दोन रेलच्या मध्ये इंटरलॉकच्या छोट्या गुट्ट्या असतात. त्या विसरल्या तर जुन्या जीपमधल्या स्पायसर १८ सारख्या केसमध्ये पुढचा अ‍ॅक्सल न जोडताच लो-रेंज पडतो आणि सगळा टॉर्क एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर येतो. आउटपुट शाफ्टचा एंड-प्ले (लांबीच्या दिशेतला ढिलेपणा) मागच्या कॅपखालच्या शिमनं जुळवतात. स्पायसर १८ ला तो ०.१० ते ०.२० मि.मी. असावा.

क्राऊन-पिनियन

खरी कसोटी इथे लागते. आधी ठरवा: जुने दात परत वापरायचे की नवीन जोडी घालायची. जुनी जोडी शांत चालत असेल आणि फक्त बेअरिंग गेले असतील, तर तुमचं काम दातांना पूर्वीच्याच जागी परत नेणं एवढंच. तेव्हा शिम तेच आणि बॅकलॅशही (दोन गिअरच्या दातांमधली मोकळीक) उघडण्याआधी मोजलेलाच, मग तो नवीन जोडीच्या मापापेक्षा जास्त का असेना. आवाज करणारी जुनी जोडी शिम बदलून गप्प होत नाही. त्या नादात रविवार घालवू नका.

उघडण्याआधी डायल गेज दाताला काटकोनात लावून क्राऊनच्या चार जागी बॅकलॅश लिहून घ्या. चारांत ठळक फरक असेल तर क्राऊन वाकडा फिरतोय. मग दातांवर मार्किंग पेस्ट लावून ठसा घ्या आणि त्याचा फोटो काढा. दातही मोजा: ४१ भागिले १० म्हणजे ४.१०. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर सारखं हवं, नाहीतर फोर-व्हील टाकताच दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात.

बेअरिंग कॅप हाउसिंगबरोबरच तासलेल्या असतात. डावी-उजवी किंवा उलटसुलट करू नका. खूण नसेल तर पंच मारा. शिमने जुळवलेल्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल दाबून बसवलेलं असतं. ते उचकटून काढताना एकदम सुटतं, बोटं सांभाळा. हाउसिंग फाकवायचं साधन वापरलंत तर अर्ध्या मि.मी.च्या पुढे फाकवू नका, ते कायमचं वाकतं. दोन्ही बाजूंचे शिम तारेत ओवून ‘डावे’, ‘उजवे’ असं लेबल लावा.

क्राऊन आणि पिनियन एकत्र घासून जुळवलेली जोडी असते. दोघांवर एकच नंबर हवा. एकाचा क्राऊन, दुसऱ्याचा पिनियन ही काटकसर परवडत नाही. पिनियनच्या डोक्यावर अधिक किंवा उणे असा आकडाही कोरलेला असतो. डाना या कंपनीच्या घडणीच्या अ‍ॅक्सलमध्ये तो इंचाच्या हजारांशांत असतो. जुना +२ आणि नवा −१ असेल तर आतल्या बेअरिंगच्या मागचा शिम ३ हजारांश (०.०७६ मि.मी.) जाड घ्या. अधिक आकडा वाढला तर तेवढाच पातळ. हा फक्त पहिला अंदाज. शेवटचा निकाल ठसा देतो.

शिम बदलताना दर वेळी बेअरिंग दाबून काढला-बसवला तर तो खराब होतो. म्हणून जुन्या बेअरिंगचं आतलं भोक थोडं घासून हातानं सरकेल असं करा आणि जुळवाजुळव त्यावर करा. नवीन बेअरिंग शेवटी एकदाच, साधारण १०० अंशांना तापवून घाला. गॅसच्या ज्योतीवर नको, पोलादाचं पाणी उतरतं. बेअरिंगचा बाहेरचा कप आळीपाळीनं समोरासमोर ठोकत बसवा. तळाला टेकला की हातोडीचा आवाज बदलतो. कपाखाली धातूची कीस राहिली तर पुढचं प्रत्येक माप खोटं निघतं.

जुळवाजुळवीच्या काळात क्रश स्लीव्ह (पिनियनच्या दोन बेअरिंगांमधली, नट आवळताना दबणारी नळी) आणि सील घालायचं नाही. नट आवळून पिनियन किंचित जड फिरेल एवढंच करा. मग क्राऊन बसवून बॅकलॅश ०.१३ ते ०.२० मि.मी.च्या दरम्यान आणा. एका बाजूचा शिम काढला तर तेवढाच दुसरीकडे घालायचा. ०.१० मि.मी. सरकवल्यावर बॅकलॅश साधारण ०.०७ नं बदलतो. लँड रोव्हरसारख्या अ‍ॅक्सलमध्ये शिमऐवजी आट्यांचे नट असतात, तिथे हे काम कितीतरी सुखाचं.

मग ठसा. सहा-सात दातांना दोन्ही बाजूंनी पेस्ट लावा, क्राऊनवर लाकडी ठोकळ्यानं भार द्या आणि पिनियन दोन्हीकडे फिरवा. भाराशिवाय घेतलेला ठसा फसवा असतो. ठसा दाताच्या शेंड्याकडे गेला असेल तर पिनियन क्राऊनपासून दूर आहे, शिम जाड करा. मुळाशी रुतला असेल तर पिनियन फार आत आहे, शिम पातळ करा. दाताच्या आतल्या अरुंद टोकाकडे असेल तर बॅकलॅश वाढवा, बाहेरच्या रुंद टोकाकडे असेल तर कमी करा. आधी शेंडा-मूळ जुळवायचं, टोकांकडे नंतर बघायचं. उलटं केलंत तर गोल गोल फिरत राहाल. शिम बदलला की बॅकलॅशही बदलतो, तो परत मोजा. पाच-सहा फेऱ्या लागल्या तर काही चुकलं असं समजू नका.

ठसा पटला की नवीन बेअरिंग, नवीन सील, नवीन पिनियन नट. क्रश स्लीव्ह असेल तर ती दबायला सुरुवात व्हायलाच ३५० न्यूटन-मीटर किंवा त्याहून जास्त जोर लागू शकतो. फ्लँजला मीटरभर लांब पट्टी बोल्टनं बांधून ती जमिनीला अडकवा. प्ले संपल्यावर नट अगदी थोडाथोडा फिरवा आणि दर वेळी फिरण्याचा जोर मोजा. नवीन बेअरिंगला १.७ ते ३.४ न्यूटन-मीटर, वापरलेल्याला साधारण अर्धा. लहान टॉर्क रिंच नसेल तर फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंग-काट्यानं ओढा: ५ सें.मी. त्रिज्येवर ४ किलोची सलग ओढ म्हणजे सुमारे २ न्यूटन-मीटर. सुरुवातीचा झटका मोजायचा नाही, फिरत असतानाचा आकडा घ्यायचा. माप ओलांडलं तर नट सैल करून चालत नाही. दबलेली स्लीव्ह परत फुगत नाही, नवीनच घालावी लागते. दोन आणून ठेवा.

क्राऊनचे बोल्ट स्वच्छ, कोरडे करून, थ्रेडलॉक लावून समोरासमोर आवळा. काही अ‍ॅक्सलमध्ये ते उलट्या आट्यांचे असतात आणि डोक्यावर तशी खूण असते. न बघता जोर लावला तर तुटतात. बसवल्यावर क्राऊनच्या पाठीवर डायल गेज लावा: ०.१५ मि.मी.पेक्षा जास्त डगमग असेल तर बहुधा खाली कचरा राहिलाय.

हब, तेल, पहिले किलोमीटर

चाकाचं बेअरिंग आवळताना हब फिरवत राहा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट मागे घेऊन एंड-प्ले ०.०२५ ते ०.१३ मि.मी. ठेवा. लॉक नट आवळल्यावर परत तपासा, कारण आट्यांतली ढील निघून प्ले घटतो.

हायपॉइड (पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर नसलेल्या) डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं गिअर तेल. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असतील तर तिथे जीएल-४, कारण काही जीएल-५ तेलांतली रसायनं पिवळ्या धातूला खातात. जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचं तेल एकमेकांत जाऊ शकतं, तेव्हा दोन्हींत एकच तेल घाला.

नवीन जोडी असेल तर पहिल्यांदा २५-३० किलोमीटर हलक्या पायानं चालवा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. पहिले ८०० किलोमीटर ओझं ओढू नका. पिनियनजवळ हाउसिंग गरम लागेल, पण पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होत असेल तर थांबा. प्रीलोड (नट आवळून बेअरिंगवर दिलेला दाब) जास्त आहे किंवा तेल कमी आहे. ८०० ला तेल बदला आणि चुंबक पुसून बघा. लगदा असेल तर झाकण तसंच राहू द्या, पापड्या दिसल्या तर लिहून ठेवलेले आकडे घेऊन पुन्हा खाली जा.