एकच ॲडमिन पासवर्ड साठ मशीनला? आधी ते मोडा

जळगावच्या मुख्य शाखेतून चोपडा, रावेर, शहादा इथल्या मशीनचे ॲडमिन पासवर्ड बदलायचे म्हटलं की हात आधी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातल्या पीएसपासवर्डकडे, म्हणजे दूरच्या मशीनचा पासवर्ड बदलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडे जातो. नावांची फाइल दिली, नवा पासवर्ड दिला, झालं. पण दुपारी लाईट गेलेली असेल तर बंद मशीन हुकतात, आणि महिन्याभराने कुठे जुना, कुठे नवा याचा मेळ लागत नाही. शिवाय सगळीकडे पासवर्ड एकच. एक मशीन फुटलं की सगळी उघडी.

ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनला एकाच जागेवरून सेटिंग देणारी सोय) हिच्या प्रेफरन्सेसमध्ये पासवर्ड भरायची रीत मायक्रोसॉफ्टने 2014 मध्येच बंद केली. तो पासवर्ड ज्या किल्लीने एन्क्रिप्ट होई, ती जगजाहीर होती. सर्व्हरवरच्या सिसव्हॉल फोल्डरमधल्या जुन्या एक्सएमएल फायलींत 'सीपासवर्ड' शोधा, सापडला तर फाइल उडवा आणि तो पासवर्ड बाद समजा.

डोमेन (सगळी मशीन एका मुख्य सर्व्हरच्या ताब्यात असलेलं नेटवर्क) असेल तर विंडोज लॅप्स वापरा, म्हणजे प्रत्येक मशीनच्या ॲडमिनला वेगळा पासवर्ड देऊन तो जपणारी सोय. एप्रिल 2023 च्या अपडेटपासून ते विंडोज 10, 11 आणि सर्व्हर 2019, 2022 मध्येच येतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीची (डोमेनमधल्या खात्यांची आणि मशीनची नोंदवही) रचना बदलू शकणाऱ्या स्कीमा ॲडमिनच्या खात्याने पॉवरशेलमध्ये 'अपडेट-लॅप्स-एडी-स्कीमा' एकदाच चालवा. मग शाखांच्या ओयूवर (डिरेक्टरीतला मशीनचा गट) 'सेट-लॅप्स-एडी-कॉम्प्युटर-सेल्फ-परमिशन' द्या. हे राहिलं तर मशीनला पासवर्ड लिहिताच येत नाही, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ग्रुप पॉलिसीत सिस्टिमखालच्या लॅप्समध्ये बॅकअपची जागा ॲक्टिव्ह डिरेक्टरी ठेवा. लांबी 14 आणि मुदत 30 दिवस हे मूळचेच आकडे आहेत, चालतील. पासवर्ड एन्क्रिप्ट करून साठवायचा तर डोमेनची फंक्शनल लेव्हल (सर्व्हरच्या आवृत्तीनुसारची पातळी) 2016 लागते.

पॉलिसी पोचली की प्रत्येक मशीन तासाला एकदा तपासून, मुदत संपली असेल तर आपला पासवर्ड आपणच बदलतं. डोमेन कंट्रोलर (डोमेनचा मुख्य सर्व्हर) दिसत नसेल तर बदलतच नाही, जुनाच चालू राहतो. त्यामुळे शाखेला मुख्य शाखेशी जोडणारा व्हीपीएन पडला तरी कुलूप लागत नाही.

अडलं तर आधी बघा, मशीन मूळ 'कॉम्प्युटर्स' कंटेनरमध्ये तर नाही ना. तिथे पॉलिसी जोडता येत नाही, ओयूत हलवा. होम आवृत्ती डोमेनला जोडलीच जात नाही. मूळचा ॲडमिनिस्ट्रेटर बंद असेल तर लॅप्स पासवर्ड बदलेल, पण खातं चालू करणार नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये रीबूटला सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर असेल तर खरी गंमत: डिरेक्टरीत नवा पासवर्ड, मशीनवर जुना. तिथे मुदत लांब ठेवा आणि ते सॉफ्टवेअर तात्पुरतं बंद असतानाच 'रीसेट-लॅप्स-पासवर्ड' चालवा.

पासवर्ड 'गेट-लॅप्स-एडी-पासवर्ड'ने, 'ॲज-प्लेनटेक्स्ट' जोडून दिसतो. तो व्हॉट्सॲपवर पाठवू नका.