खुडूक कोंबडी परत अंडी द्यायला कशी लागली - माझा अनुभव

आमचं सासवडजवळ छोटं शेत आहे, दोन शेळ्या न् सात गावरान कोंबड्या. होळी झाली की एखादी तरी खुडूक होतेच (म्हणजे अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसून राहते), पण यंदा तांबडी तीन आठवडे अंडी घालायच्या पाटीतून हलेना. खाली अंडं नाही काही नाही, नुसती पिसं फुलवून बसायची, हात घातला की टोचायची, पोटाखालची पिसं उपटलेली आणि तिथली कातडी नुसती गरम. सासूबाई म्हणाल्या म्हणून नाकात पीस घातलं (बिचारी शिंकत बसली), पाण्यात बुडवली, पाटी काढली तर कडब्यात जाऊन बसली. वैताग आला होता नुसता.

शेवटी जमलं ते असं. रात्री अंधारात उचलून पिंजऱ्यात टाकली. तळालाही जाळीच पाहिजे, गवत, पोतं काही टाकायचं नाही. पिंजरा चारी कोपऱ्यांना विटा लावून उचलला म्हणजे खालून वारा लागतो आणि पोट गार पडतं, मेन गोष्ट हीच, ऊब मिळत राहिली तर खुडूकपणा जात नाही. जागा उजेडाची पण सावलीतली, दाणापाणी नेहमीसारखं, उपाशी ठेवू नका. तीन दिवस, तीन रात्री. चौथ्या दिवशी सकाळी सोडली तर तडक पाटीकडे, म्हणून परत दोन दिवस आत. मग सोडली तेव्हा सरळ उकिरड्यावर जाऊन उकरायला लागली. बाकीच्यांची अंडी तेवढी रोज दुपारीच उचलत होते, साठू दिली नाहीत. बाराव्या दिवशी तांबडीचं अंडं मिळालं.