पाऊस, ऊन, घाट, काळी माती: कारसाठी टायर कसे निवडावेत?

टायर घ्यायला दुकानात जाण्याआधी एक प्रश्न घरीच सोडवा: वर्षभरात तुमच्या गाडीचा खरा कस कुठे लागतो? रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर कुठलाही बरा टायर चालून जातो. टायरची परीक्षा होते ती जुलैत आंबा घाट उतरताना, मे महिन्याच्या भर दुपारी समृद्धी महामार्गावर, नाहीतर पावसानंतर काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर. चारही टायर मिळून रस्त्याला जेमतेम चार तळहातांएवढी जागा टेकलेली असते. ब्रेक लागणं, गाडी वळणं, सगळं तेवढ्यावर. म्हणून वर्षातल्या सगळ्यात वाईट आठवड्यांचा विचार करून टायर निवडा.

आधी आत्ताचा टायर वाचा

टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलवर, १९५/६५ आर १५ ९१ एच असा मजकूर असतो. १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १५ हा रिमचा इंचातला व्यास. ९१ हा भारांक: या टायरवर जास्तीत जास्त ६१५ किलो भार चालतो. ८२ असेल तर ४७५ किलो, ८८ असेल तर ५६० किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४० किमी ताशी.

ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवर कंपनीने ठरवलेला साइझ आणि हवेचा दाब दिलेला असतो. भारांक आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा खालचं कधीही घेऊ नका. ‘एवढ्या वेगाने कोण चालवतंय’ असं दुकानदार म्हणेल, पण वेगाच्या अक्षरातून टायर उष्णता किती सहन करतो हेही कळतं. आपल्याकडच्या उन्हात तेच महत्त्वाचं आहे.

आणखी एक आकडा शोधा. डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार अंक असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. टायर तेव्हा बनला. ही ओळ पूर्ण स्वरूपात टायरच्या एकाच बाजूला असते. बाहेरून दिसली नाही तर आतल्या बाजूला पाहावं लागतं.

खरंच बदलायची वेळ आली आहे का?

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे कारच्या टायरची खाच किमान १.६ मिमी खोल हवी. मुख्य खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की कायद्याने टायर संपला. पण पाऊस कायद्याची मर्यादा बघून पडत नाही. नव्या टायरची खाच साधारण ७-८ मिमी असते. ती ३ मिमीच्या खाली गेली की साचलेलं पाणी बाहेर फेकण्याची ताकद फार घटते. कोकणात किंवा घाटात येजा असेल तर ३ मिमीलाच, आणि तेही जूनच्या आधी टायर बदला.

खोली मोजायचं छोटं गेज अगदी स्वस्त मिळतं. प्रत्येक टायर आत, मध्ये आणि बाहेर असा तीन ठिकाणी मोजा. मधलाच भाग झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहते. एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलं आहे. हाताला लाटांसारखे उंचसखल पट्टे लागत असतील तर शॉक अब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग तपासा. ही कारणं दुरुस्त न करता नवे टायर चढवले तर तेही तसेच झिजतील.

साइडवॉलला फुगा आला असेल तर खोली मोजत बसू नका. खड्ड्याच्या दणक्याने आतले धागे तुटले की तिथे फुगा येतो. त्याला दुरुस्ती नाही. तो टायर लगेच उतरवा. टायर सहा वर्षांचा झाला असेल, साइडवॉलवर किंवा खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसत असतील, तर नक्षी शिल्लक असली तरी जाणकाराकडून तपासून घ्या. कमी चालणाऱ्या गाड्यांत हेच निसटतं: टायर झिजत नाही, नुसता कडक होत जातो.

पावसासाठी

पावसात दोन वेगळे धोके असतात. ओल्या डांबरावर पकड कमी होते, ती रबराच्या मिश्रणावर अवलंबून असते. सिलिकायुक्त मिश्रणं ओल्यात चांगली धरतात. दुसरा धोका साचलेल्या पाण्याचा. खाचांतून पाणी निसटायला वेळ मिळाला नाही की टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेकचा उपयोग राहत नाही. वेग जास्त, खाच उथळ आणि हवा कमी, या तिन्हींमुळे हे लवकर घडतं. जास्त रुंद टायरही इथे तोट्याचाच, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. रुंद टायर म्हणजे पावसात जास्त पकड, हा समज मनातून काढून टाका.

नक्षी बघताना तीन-चार रुंद, सलग, गोल फिरणाऱ्या खाचा आणि कडेला पाणी सोडणाऱ्या तिरक्या खाचा आहेत का ते पाहा. काही टायरांवर ट्रेडवेअर, ट्रॅक्शन आणि टेम्परेचर असे तीन दर्जे लिहिलेले असतात. यातला ट्रॅक्शन ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावून ठरवतात. एए सर्वांत वरचा, मग ए, बी, सी. घाटासाठी ए किंवा एए घ्या. ट्रेडवेअरचा आकडा मोठा असेल तर टायर जास्त किमी चालतो. पण तो टिकाऊपणा बऱ्याचदा कडक रबरातून आलेला असतो आणि ओल्यात त्याची किंमत मोजावी लागते. नुसत्या जास्त किमीच्या वायद्यावर टायर घेऊ नका.

पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून बुळबुळीत थर होतो. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ऊस गळीत हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांतून डांबरावर चिखल पडतो. त्यावर अवकाळीची सर आली की तोच प्रकार. यावर कुठल्याही टायरकडे पूर्ण उत्तर नाही, वेग कमी ठेवणं हाच उपाय.

उन्हाळा आणि लांबचा वेगवान रस्ता

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किमीचा, कारला १२० ची वेगमर्यादा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून खूप तापलेला असतो. तरीही टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा कमी हवा, जादा भार किंवा आधीची इजा असते; ऊन त्यात भर घालतं. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेरीला जास्त वाकतो, त्या वाकण्याने आतून तापतो, आणि शेवटी आतले पट्टे रबरापासून सुटतात.

म्हणून उन्हाळ्यात ‘हवा गरम होऊन वाढणारच’ म्हणून ३-४ पीएसआय कमी भरण्याची सवय धोक्याची आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड-दोन पीएसआय वाढतो, हे गाडीच्या कंपनीने धरलेलंच असतं. गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर, टायर थंड असताना, स्टिकरप्रमाणे हवा भरा. पाच माणसं आणि सामान असेल तर स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा घ्या. वाटेत टायर गरम असताना दाब वाढलेला दिसला तरी हवा सोडू नका. टायरवर छापलेला कमाल दाब ही त्या टायरची मर्यादा असते, भरायचा आकडा नव्हे. नायट्रोजन भरला तर दाब थोडा सावकाश उतरतो. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तेव्हा दर पंधरा दिवसांनी दाब तपासणं जास्त मोलाचं.

अशा प्रवासासाठी टेम्परेचर दर्जा (टायर उष्णता किती सहन करतो त्याचा) ए, वेगाचं अक्षर मूळचं किंवा त्याच्या वरचं, आणि टायर अलीकडे बनलेला, एवढं बघा.

खड्डे, आणि मोठ्या रिमचा मोह

एकाच व्यासाचे तीन साइझ बघा. १६५/८० आर १४ चा एकूण व्यास सुमारे ६२० मिमी. १८५/६५ आर १५ चा ६२१.५. १९५/५५ आर १६ चा ६२१. स्पीडोमीटरला तिन्ही सारखेच. पण साइडवॉलची उंची अनुक्रमे १३२, १२० आणि १०७ मिमी. खड्ड्याची कड लागली की हीच उंची दणका पचवते. ती कमी तेवढा साइडवॉल रिम आणि खड्डा यांच्यामध्ये चिरडण्याचा संभव जास्त. खराब रस्त्यांवर गाडी चालत असेल तर दिसायला देखणा म्हणून मोठा रिम घेऊ नका. उलट तुमच्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेला लहान रिमचा साइझ बसतो का ते विचारा.

साइझ बदलायचाच असेल तर व्यासातला फरक हिशोब करून पाहा. रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४. १८५/६५ आर १५ ऐवजी १९५/६५ आर १५ घेतला तर व्यास १३ मिमीने, म्हणजे २ टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो. मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. कंपनीने तुमच्या मॉडेलला मान्य केलेला साइझच ठेवणं बरं.

शेतरस्ता, काळी माती, जांभा

एसयूव्हीसाठी एचटी, एटी आणि एमटी असे प्रकार मिळतात: पहिला डांबरी रस्त्याचा, दुसरा मिश्र वापराचा, तिसरा चिखलाचा. जांभ्याच्या खडीवर आणि मुरमाच्या रस्त्यावर एटी चांगला, त्याचा साइडवॉलही सहसा जाड असतो. काळ्या मातीत मात्र एटीच्या खाचा पाहता पाहता भरून जातात आणि टायर गुळगुळीत झाल्यासारखा घसरतो. तिथे मोठ्या मोकळ्या जागा असलेला एमटीच माती झटकतो. पण तोच एमटी ओल्या डांबरावर उशिरा थांबतो, आवाज करतो आणि इंधन खातो. शेतापर्यंतचा शेवटचा एखादा किलोमीटरच कच्चा असेल तर एचटी किंवा सौम्य नक्षीचा एटी ठेवा, आणि मुसळधार पावसाच्या दिवशी गाडी डांबरावरच उभी करा.

बर्फ

महाराष्ट्रात हिवाळी टायरची गरज नाही. त्याचं मऊ रबर आपल्या उष्णतेत भराभर झिजतं. हिवाळ्यात स्वतःच्या गाडीने मनाली किंवा लडाखकडे जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: टायरवरच्या नुसत्या एम अधिक एस (चिखल आणि बर्फ) अक्षरांवर बर्फात भिस्त ठेवता येत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह हवं, आणि सोबत साखळ्या. जर्मनीत हिवाळी परिस्थितीत हे चिन्ह असलेलेच टायर लागतात. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. तिथे राहायला गेलेल्यांनी ७ अंश ही खूण धरावी: त्याखाली उन्हाळी, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या, टायरचं रबर कडक होऊन कोरड्या रस्त्यावरही पकड सोडू लागतं.

दुकानात

पैसे देण्याआधी चारही टायरवरचा आठवडा-वर्ष आणि आयएसआय चिन्ह स्वतः बघा. सहा महिन्यांच्या आतला माल मागा. वर्षाहून जुना असेल तर दुसरा मागवायला सांगा. बिलावर साइझ आणि अनुक्रमांक लिहून घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

चार एकदम घ्यायचे नसतील तर दोन घ्या, पण एका एक्सलवर दोन्ही सारखे. नवे टायर मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पावसात मागची पकड आधी सुटली की गाडी गिरकी घेते आणि ती सावरणं बहुतेकांच्या हातात राहत नाही.

बसवताना रबरी व्हॉल्व नवे घ्या. नक्षीला दिशा असेल तर बाण पुढे फिरण्याच्या दिशेला आहे ना, आणि टायरवर आतली-बाहेरची बाजू छापलेली असेल तर बाहेरची बाहेरच आहे ना, हे बघा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच वेळी करा. नट एअरगनने गच्च न आवळता शेवटी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर घट्ट करायला सांगा, आणि ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा.

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा पातळ थर असतो. पहिले २०० ते ३०० किमी जोरात ब्रेक आणि जलद वळणं टाळा. त्यानंतर दर ८ ते १० हजार किमीला पुढच्या-मागच्या टायरांची अदलाबदल करा.

स्टेपनीतही हवा भरा. ती मूळ टायरपेक्षा लहान किंवा अरुंद असेल तर ८० च्या वर जाऊ नका आणि जवळच्या पंक्चरवाल्याकडे थांबून मूळ टायर दुरुस्त करून घ्या. नक्षीच्या भागातलं ६ मिमीपर्यंतचं भोक आतून मशरूम पॅच (भोकात बसणाऱ्या दांड्याचं ठिगळ) लावून नीट बुजतं. साइडवॉलवरचं भोक कोणी बुजवून देतो म्हणाला तरी त्याच्याकडून ते काम करून घेऊ नका.